सातताल, पंगोट, कॉर्बेट : पक्षिनिरीक्षण आणि छायाचित्रण सहलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षी तर सह्याद्रीतही भरपूर आहेत. मग इतक्या लांब उत्तराखंडात कशाला जायचं?

उंचीसाठी. काठगोदाम स्टेशन समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, सातताल १,३७० मीटरच्या आसपास आणि पंगोट जवळजवळ २,००० मीटरवर. गाडीने हे सगळं अर्ध्या दिवसात पार होतं. खाली तराईच्या (पायथ्याच्या सखल पट्ट्याच्या) कडेला सालाचं जंगल, मध्ये चीड (पाइन) आणि बांज (ओक), वर बुरांश (रोडोडेंड्रॉन) आणि देवदार. झाडं बदलली की पक्षीही बदलतात. खाली मोठा धनेश आणि ग्रेट स्लेटी वुडपेकर, मधल्या पट्ट्यात रेड-बिल्ड ब्लू मॅगपाय आणि स्लेटी-हेडेड पॅराकीट, वर कोकलास आणि चीअर हे फेझंट (कोंबडीच्या कुळातले रानपक्षी). हा उपोष्ण पट्टा मैदान आणि हिमालय यांच्या सांध्यावर असल्याने दोन्हीकडचे पक्षी थोडक्या अंतरात भेटतात.

त्यात हिवाळ्याची भर पडते. वर बर्फ पडू लागलं की उंचावरचे पक्षी खाली सरकतात. सैबेरियाहून येणाऱ्या पाहुण्यांइतकंच हे 'वरून खाली' होणारं स्थलांतर इथे महत्त्वाचं आहे. एरवी ज्यांच्यासाठी ३,००० मीटर चढावं लागेल, असे काही पक्षी जानेवारीत साततालच्या ओढ्याकाठी दिसतात.

कधी जावं?

फक्त पक्षी हवे असतील तर नोव्हेंबर ते मार्च. एकच खेप करायची असेल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चअखेर हा काळ निवडा. हिवाळी पाहुणे अजून असतात, बुरांश फुललेला असतो, थंडी सोसण्याजोगी होते आणि दिवसही मोठा झालेला असतो.

दिवसाच्या लांबीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. डिसेंबरच्या मध्यावर इथे सूर्य मुंबईच्या सुमारासच, सातच्या पुढे उगवतो, पण मावळतो मात्र जवळपास पाऊण तास आधी. त्यात दरीत ऊन उतरायला आणखी तासभर लागतो आणि दुपारी ते लवकर डोंगराआड जातं. म्हणजे कामाचा उजेड फार तर सहा-सात तास. हे आधी ठाऊक नसेल तर 'संध्याकाळी फोटो काढू' म्हणत जेवण रेंगाळतं आणि चार वाजता ओढ्यात काळोख दाटलेला असतो.

एप्रिल-मे विणीचा हंगाम. पिसारा झकास आणि गाणं भरपूर, पण तेव्हा घरट्यांपासून लांब राहण्याची जबाबदारीही येते. जुलै ते सप्टेंबर टाळा. दरडी कोसळतात, रस्ते अडतात, जळवा असतात, आणि कॉर्बेटचे बरेच भाग बंद असतात.

किती दिवस ठेवावेत आणि कोणत्या क्रमाने फिरावं?

प्रवासाचे दिवस सोडून सात. साततालला तीन रात्री, पंगोटला दोन, कॉर्बेटला दोन. दिल्लीहून रात्रीच्या गाडीने काठगोदामला उतरलं की तासा-दीड तासात सातताल येतं. तिथून पंगोट, मग कालाढुंगीमार्गे उतरून रामनगर. रामनगरहून दिल्लीची रेल्वे मिळते, त्यामुळे आल्या वाटेने परतावं लागत नाही.

पाच दिवसच असतील तर कॉर्बेट गाळा, सातताल गाळू नका. हे ऐकून वाघाची आस धरून आलेली मंडळी नाराज होतात. पण पक्ष्यांच्या छायाचित्रणासाठी पायी फिरता येणारी जागा जिप्सीपेक्षा (सफारीच्या उघड्या जीपपेक्षा) केव्हाही सरस. पाच दिवसांत तिन्ही ठिकाणं कोंबली की निम्मा उजेड गाडीच्या काचेतून बघण्यात जातो.

साततालचा 'स्टुडिओ' म्हणजे काय?

स्टुडिओ म्हणजे खोली नाही. जंगलातल्या एका लहान ओढ्याच्या ओलसर वळणाला पक्षिनिरीक्षकांनी दिलेलं हे टोपणनाव. पाणी उथळ, काठाला दाट झुडूप, समोर बसायला जागा. पक्षी पाणी प्यायला आणि अंघोळीला आलटून पालटून उतरतात, म्हणून हे नाव पडलं.

इथे बसायचं, फिरायचं नाही. सकाळी ऊन झाडांच्या शेंड्यांवर असतं तेव्हा ओढा बऱ्याचदा शांत असतो. पक्षी आधी पोट भरतात आणि पाण्याकडे नंतर वळतात. वीस मिनिटं काही दिसलं नाही की गट उठतो आणि मागे राहिलेल्या माणसाला मिश्र थवा मिळतो. मिश्र थवा म्हणजे वटवट्या, रामगंगा, निखार, फ्लायकॅचर, नटहॅच अशा लहान पक्ष्यांची एकत्र फिरणारी टोळी. पाच-दहा मिनिटांत ती समोरून निघून जाते. पहिली टिवटिव ऐकू आली की कॅमेरा डोळ्याला लावा, मग पक्षी शोधा.

जवळच्या चाफीला नदीकाठचे पक्षी मिळतात : क्रेस्टेड किंगफिशर, ब्राउन डिपर, स्पॉटेड फोर्कटेल, प्लंबियस आणि व्हाइट-कॅप्ड रेडस्टार्ट. डिपर ठरावीक दगडांवर परत परत येतो. पांढऱ्या विष्ठेने माखलेला दगड हेरा, त्यापासून दहा-बारा मीटरवर, सूर्य पाठीशी ठेवून, खाली बसा.

हाइडमध्ये बसावं का?

गावकऱ्यांनी परसात किंवा शेताच्या कडेला पाण्याचं कुंड ठेवून, समोर कापडी आडोसा लावून हाइड केलेले असतात. पक्षी चार-सहा मीटरवर येतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी, लहान लेन्सवाल्यांसाठी आणि पावसाळी दिवसासाठी उत्तम सोय. पैसे थेट गावात राहतात हेही चांगलंच.

दोन गोष्टी बघून घ्या. फक्त पाणी ठेवलेलं असेल तर ठीक. मैद्याचे पदार्थ, शिळा भात किंवा जिवंत अळ्या टाकून पक्षी बोलावत असतील तर तिथे बसू नका. आणि आपल्या लेन्सचं किमान फोकस अंतर तपासा. काही मोठ्या लेन्सना तीन-साडेतीन मीटरच्या आत फोकसच होत नाही आणि रॉबिन नेमका अडीच मीटरवर येऊन बसतो.

पंगोटला फेझंट नक्की दिसतील का?

नक्की कोणीच सांगू शकत नाही. कालिज सगळ्यात सोपा, तो साततालातही दिसतो. कोकलास बांजाच्या जंगलात, पहाटे रस्त्याच्या कडेला. चीअर सगळ्यात अवघड. पंगोटच्या पुढे विनायक भागात गवताळ, तीव्र उताराचे कडे आहेत, तिथे पहाटे गाडी थांबवून दुर्बिणीने उतार इंच इंच तपासावा लागतो. गवताच्या रंगात तो इतका मिसळतो की मान हलेपर्यंत दगडच वाटतो. दार धाडकन लावलं, मोठ्याने बोललं, की खेळ संपला.

याच भागात आकाशाकडेही बघत राहा. ऊन तापल्यावर, साधारण नऊ-दहाच्या पुढे, हिमालयन ग्रिफन आणि दाढीवालं गिधाड वर येतात, आणि कड्यावरच्या रस्त्यावर उभं राहिलं तर ते कधी कधी डोळ्यांच्या पातळीवरून जातात. गिधाडाचा खालून काढलेला काळा ठिपका आणि समोरून काढलेला डोळा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

कॉर्बेटचे परवाने कसे मिळवायचे?

कॉर्बेट १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क म्हणून स्थापन झालं, ते भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही इथूनच झाली. त्यामुळे गर्दी ठरलेली. परवाने उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. सुट्ट्यांच्या काळातले लगेच संपतात, म्हणून रेल्वेच्या तिकिटाआधी परवाना. नोंदणीत दिलेलं ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवा. मोबाइलमधल्या फोटोतलं आधार आणि नोंदणीतला पासपोर्ट असा घोळ प्रवेशद्वारावर सुटत नाही.

ढिकाला, बिजराणी, झिरना, ढेला, दुर्गादेवी असे वेगवेगळे विभाग आहेत आणि प्रत्येकाचं प्रवेशद्वार वेगळं. ढिकाला पावसाळ्यात बंद असतं, साधारण जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. तिथे मुक्कामी राहिलात तर सकाळ-संध्याकाळ दोन्ही फेऱ्या मिळतात, म्हणून मुक्काम मिळत असेल तर सोडू नका. एका जिप्सीत सहा पर्यटक बसू शकतात, पण मोठ्या लेन्स असतील तर तिघेच बसा. चौथा माणूस आला की प्रत्येक चांगल्या फ्रेममध्ये कोणाचं तरी कोपर येतं.

पक्ष्यांसाठी उद्यानाबाहेरची कोसी नदीही धरा. हिवाळ्यात गोट्यांच्या पात्रात आयबिसबिल आणि खडकांवर वॉलक्रीपर शोधता येतात. आयबिसबिल राखाडी गोट्यांमध्ये राखाडी, म्हणून आधी दुर्बिणीने पाण्याची कड वरून खाली चाळायची आणि हलणारा दगड शोधायचा.

दुर्बीण ८×४२ घ्यावी की १०×४२?

८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा समोरच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो : ८×४२ मध्ये ५.२५ मिमी, १०×४२ मध्ये ४.२. बांजाच्या अंधाऱ्या जंगलात हा फरक जाणवतो. शिवाय दहापटीत हाताची थरथरही दहापट दिसते आणि दृश्यक्षेत्र सहसा अरुंद असतं, त्यामुळे फांदीफांदीतून पळणारा वटवट्या सापडत नाही. फक्त गिधाडं आणि कड्यांवरचे फेझंट बघायचे असतील तर दहा.

'दुर्बिणीतून डोकं दुखतं' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा न जुळवलेला डायॉप्टर (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणारी सोय) असतो. उजवं भिंग समोरून तळहाताने झाका, डाव्या डोळ्याने लांबच्या पाटीकडे बघत मधल्या चाकाने फोकस करा. मग डावं झाका आणि मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत दाबा, नसेल तर बाहेर काढा.

कोणती लेन्स लागते?

४०० मिमीपासून पुढे. १०० ते ४०० किंवा १५० ते ६०० पल्ल्याची झूम लेन्स या सहलीला पुरेशी आहे. १.५ क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) ४०० मिमीची चौकट ६०० इतकी अरुंद होते. टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारं जोडभिंग) घेऊन येणारे पुष्कळ असतात. १.४चा कन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, खातो, एफ ६.३ चा जवळपास एफ ९ होतो. जंगलाच्या सावलीत ऑटोफोकस चाचपडू लागतो. त्यापेक्षा दोन पावलं पुढे सरका, किंवा पक्षी येईपर्यंत थांबा.

ट्रायपॉड हाइडमध्ये आणि चाफीला उपयोगी. चढणीवर मोनोपॉड बरा. जिप्सीत दोन्ही निरुपयोगी, तिथे बीन बॅग. रिकामी पिशवी घेऊन या आणि रामनगरला दोन-अडीच किलो तांदूळ किंवा हरभरे भरा. परत जाताना धान्य ड्रायव्हरकडे द्या. आणि फोटोच्या क्षणी इंजिन बंद करायला सांगा. चालू इंजिनाची थरथर बीन बॅगमधून लेन्सपर्यंत पोचते.

कॅमेऱ्याची सुरुवातीची मांडणी काय ठेवावी?

बसलेला लहान पक्षी : शटर १/१००० सेकंद, लेन्सचं सगळ्यात मोठं छिद्र, ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यावर सोडलेली), कमाल मर्यादा ६४००. उडणारा पक्षी : १/२५०० किंवा त्याहून वेगवान. सावलीतला स्थिर रॉबिन : १/२५० पर्यंत खाली यायला हरकत नाही. पाच-सहा फ्रेमचा बर्स्ट (सलग झटपट फोटो) घ्या, त्यातली एक तरी धारदार निघते, कारण हे पक्षी हालचालींच्या मध्ये क्षणभर गोठल्यासारखे उभे राहतात. फोटो रॉमध्येच (प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात) घ्या.

एक्स्पोजर इथे फार फसवतं. आकाशातलं गिधाड कॅमेऱ्यावर सोडलं तर काळंठिक्कर येतं, +१ ते +१.७ एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन द्या. व्हाइट-कॅप्ड रेडस्टार्टचं अंग काळं आणि टोपी पांढरीशुभ्र. कॅमेरा काळ्याकडे बघून उजेड वाढवतो आणि टोपीची पिसं पांढऱ्या डागात विरघळतात. तिथे −०.७ द्या. सावली नंतर उचलता येते, जळालेलं पांढरं परत येत नाही.

फोटो 'सॉफ्ट' येतात. लेन्स खराब आहे का?

शंभरातल्या नव्वद वेळा लेन्स निर्दोष असते. फोटो शंभर टक्के मोठा करून पुढल्याप्रमाणे तपासा.

सगळंच चित्र एकाच दिशेने सरकल्यासारखं दिसतं : हात हलला. शटर वेगवान करा, कोपरं छातीला टेकवा. फांदी धारदार आणि पक्षी पुसट : पक्षी हलला, शटर अजून वाढवा. पक्ष्याच्या पुढची किंवा मागची काडी धारदार : फोकस चुकला. झुडपात मोठा फोकस विभाग वापरू नका, एकच लहान बिंदू घ्या. पक्षिनेत्र ओळखणारा ऑटोफोकस उघड्यावर छान चालतो, पण पानांच्या जाळीत तो एखाद्या गोल बोरावरही समाधान मानतो.

डोळा धारदार पण शेपूट विरघळलेली : हा दोष नव्हे, भूमिती आहे. फुल फ्रेमवर ६०० मिमी, एफ ६.३ आणि पक्षी ८ मीटरवर असेल तर स्पष्टतेची खोली जेमतेम सहा-सात सेंटिमीटर असते. मॅगपायचं लांबलचक शेपूट त्यात मावणार कसं? तो आडवा बसेपर्यंत थांबा किंवा एफ ९ करा.

आणि कुठेच काही धारदार नाही, कडा लाटांसारख्या : तापलेल्या हवेचा परिणाम. कोसीच्या गोट्यांवर अकरानंतर हे हमखास होतं. याला कोणतीच महागडी लेन्स उत्तर नाही. सकाळी जा किंवा जवळ जा. हीच लहर हिवाळ्यात उबदार गाडीच्या खिडकीतून फोटो घेतानाही येते, आतली ऊब बाहेर पडते म्हणून. हीटर बंद करून काच आधीच खाली घ्या.

थंडीत आणि दमट हवेत कॅमेऱ्याचं काय करायचं?

पहाटे गार झालेला कॅमेरा उबदार खोलीत आणला की त्यावर दव धरतं, कधी भिंगाच्या आतही. बाहेरच तो प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करा, मग आत आणा आणि तासभर उघडू नका. कार्ड आणि बॅटरी बाहेर असतानाच काढून घ्या, म्हणजे फोटो बघण्याच्या घाईत पिशवी उघडली जात नाही. बॅटऱ्या थंडीत लवकर मान टाकतात. जादाच्या दोन शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. मेलेली वाटणारी बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते.

घरी परतल्यावर लेन्स बॅगेत कोंबून ठेवू नका. बॅगेतल्या ओलाव्यात बुरशी धरते. ड्राय कॅबिनेट किंवा सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा, आर्द्रता ४० ते ५० टक्के.

कपडे?

दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे काठगोदाम आणि पंगोट यांत नऊ-दहा अंशांचा फरक. एक जाड जॅकेट नको, तीन पातळ थर हवेत. रंग मातकट, हिरवा किंवा राखाडी. सळसळणारं नायलॉन टाळा. बोटं उघडी राहणारे हातमोजे घ्या.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावले तर काय बिघडतं?

पक्ष्याला वाटतं, हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला. तो खाणं सोडून, पिल्लं सोडून भांडायला येतो. एका गटाने एकदा वाजवलं तर कदाचित फारसं बिघडणार नाही, पण स्टुडिओसारख्या जागी दिवसभर गट येतात आणि प्रत्येक जण 'एकदाच' वाजवतो. विणीच्या काळात अजिबात नको. घुबडांवर फ्लॅश नको, घरट्याजवळच्या फांद्या बाजूला करणं नको. त्या फांद्या कावळ्यापासून आणि उन्हापासून आडोसा देत असतात. पिल्लं असतानाचा फोटो समाजमाध्यमांवर ठिकाणासह टाकू नका. ड्रोन संरक्षित जंगलात चालत नाही.

पक्षी ताठ उभा राहिला, टकमक बघू लागला, एकसारखा चिरकू लागला, चोचीत अळी धरूनही घरट्याकडे जाईना, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका.

या पक्ष्यांची मराठी नावं काय?

खंड्या, धनेश, दयाळ, स्वर्गीय नर्तक, धोबी ही नेहमीची नावं इथेही चालतात. पण निव्वळ हिमालयातल्या बऱ्याच पक्ष्यांना रुळलेलं मराठी नाव नाही, आणि वाटाड्याला तर इंग्रजी नावंच कळतात. 'अगला पेड़, बीच की डाल, दो बजे' अशी घड्याळाची भाषा (दो बजे म्हणजे घड्याळात दोन असतात त्या दिशेला) मात्र शिकून घ्या. 'तो बघा, तिथे!' याने आजवर कोणालाच पक्षी दिसलेला नाही.

बिबट्याची, वाघाची भीती आहे का?

साततालच्या जंगलात बिबट्या आहे. अंधार पडल्यावर एकटं फिरू नका, लहान मुलांना पुढे सोडू नका. कॉर्बेटच्या आसपास हत्ती आणि वाघ दोन्ही. उद्यानात गाडीतून उतरायचं नाही, आणि बाहेर कोसीकाठीही स्थानिक वाटाड्याशिवाय पायी जायचं नाही. पोटात ढवळणाऱ्यांना खरा त्रास घाटाच्या वळणांचा होतो. पुढची सीट मागा, रिकाम्या पोटी बसू नका.

रोज रात्री काय करावं?

कार्ड दोन ठिकाणी उतरवा आणि दोन्हीकडचे काही फोटो उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका. बॅटऱ्या चार्जिंगला लावा. डोंगरात वीज कधीही जाते, म्हणून हे काम जेवणाआधी करा. मग यादी लिहा : पक्षी, संख्या, जागा, वेळ. न ओळखलेल्या पक्ष्याचे फोटो खोडू नका. पुसटच का असेना, पंखावरची पट्टी आणि पायांचा रंग दिसला तरी उद्या सकाळी वाटाड्या तो ओळखून देईल.